विश्लेषण : आगगाडीत सुचलेली दुर्बीण उपग्रहात कशी पोहोचली?

ऑगस्ट १९४१. जर्मन फौजा लेनिनग्राडच्या दिशेने येत होत्या. तिथली सरकारी प्रकाशशास्त्र संस्था आगगाडीने दूर पूर्वेकडे, योश्कर-ओला येथे हलवली जात होती. त्या गाडीत बसलेले दिमित्री माक्सुतोव विचार करत होते शाळांसाठीच्या स्वस्त दुर्बिणीचा.

कोण होते माक्सुतोव?

जन्म १८९६चा, बालपण ओदेसात. वडील नौदलात. बाराव्या वर्षीच त्यांनी स्वतःची दुर्बीण बनवली. पुढे लेनिनग्राडमध्ये नाव झाले, पण स्टालिनकाळात अटकही वाट्याला आली.

नेमके काय सुचले?

शाळेतील दुर्बिणीचा आरसा धुळीने लवकर खराब होतो. म्हणून नळीचे तोंड काचेने बंद करायचे. पण नुसती सपाट काच म्हणजे फुकटचा खर्च. तीच काच वाटीसारखी वक्र केली, तर गोलाकार आरशामुळे प्रतिमेत येणारा धूसरपणा ती भरून काढेल, हे त्यांनी हेरले. सगळे पृष्ठभाग गोलाकार, म्हणजे घासायला सोपे. त्याच वर्षी पहिली दुर्बीण तयार झाली. नेदरलँड्समध्ये आल्बर्ट बॉवर्स यांनाही याच सुमारास असेच सुचले होते; युद्धामुळे एकाचे दुसऱ्याला कळणे अवघडच होते. माक्सुतोव यांना १९४६ मध्ये स्टालिन पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये ते गेले.

उपग्रहाशी संबंध काय?

५०० किलोमीटर उंचीवरून अडीच मीटरचा तपशील टिपायचा आणि सेन्सरचा पिक्सेल पाच मायक्रॉनचा असेल, तर नाभीय अंतर एक मीटर लागते. ‘डव्ह’ उपग्रहाचा डबा मात्र जेमतेम १० बाय १० बाय ३० सेंटीमीटरचा. त्यामुळे प्रकाशाला आरशांवरून मागे-पुढे फिरवून वाट दुमडावी लागते. ‘प्लॅनेट’ कंपनीच्या सुरुवातीच्या ‘डव्ह’मध्ये माक्सुतोव-कॅसेग्रेन रचनाच होती. मोठ्या दुर्बिणीत ही जाड काच फार जड होते. लहान उपग्रहाला तो त्रास नाही. खरी डोकेदुखी तापमानाची. नळी किंचित आकसली तरी फोकस बिघडतो, म्हणून पुढच्या आवृत्तीत दुर्बीण कार्बन फायबर आणि टायटॅनियमच्या वेगळ्या सांगाड्यात बसवली गेली.

फेब्रुवारी २०१७ मध्ये श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने एकदम १०४ उपग्रह सोडले, त्यांत ८८ ‘डव्ह’ होते. तोवर त्यांची भिंगरचना बदलून पाच घटकांची झाली होती.