सॅम्युअल इन्सल: क्लाउडचं गणित शंभर वर्षांपूर्वी बसवणारा माणूस

तुमच्या फोनमधला फोटो गूगल फोटोजवर सेव्ह होतो, तेव्हा तो दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये जाऊन बसतो. तिथले सर्व्हर तुम्ही विकत घेतलेले नाहीत, फक्त वापरता. स्टार्टअपवालेही हेच करतात. लागेल तेवढा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि वापराप्रमाणे बिल भरायचं. यालाच आपण क्लाउड म्हणतो. पण यामागचं धंद्याचं गणित कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. सॅम्युअल इन्सल या माणसाने ते विजेच्या धंद्यात बसवलं. चला, त्याची गोष्ट बघूया.

एडिसनचा सेक्रेटरी

इन्सलचा जन्म ११ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये झाला. शॉर्टहँड शिकून त्याने पेपरातल्या जाहिरातीवरून एक नोकरी धरली. ती निघाली थॉमस एडिसनच्या लंडनमधल्या प्रतिनिधीकडची! १८८१ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, तो अमेरिकेत एडिसनचा खासगी सेक्रेटरी झाला. १८९२ मध्ये एडिसनची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक बनली. तेव्हा इन्सल बाहेर पडला आणि कमी पगारावर शिकागो एडिसन या लहान कंपनीचा अध्यक्ष झाला.

प्रत्येकाचा वेगळा जनरेटर

त्या काळी मोठी हॉटेलं, दुकानं आणि कारखाने स्वतःचा जनरेटर बसवायचे. पूर्वी प्रत्येक ऑफिसात स्वतःची सर्व्हर रूम असायची, तसंच. इन्सलला यातली गोम कळली. दिव्यांसाठी वीज लागते संध्याकाळी, म्हणजे बाकी वेळ मशीन रिकामं. पण त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र दिवसरात्र चालूच!

मग उपाय काय? कारखान्याला वीज लागते दिवसा, ट्रामला सकाळ-संध्याकाळ, घरांना अंधार पडल्यावर. हे सगळे एकाच वीज केंद्राला जोडले, तर तेच मशीन दिवसभर कामात राहतं आणि प्रत्येक युनिट स्वस्त पडतं. १८९४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात त्याने एक नवा मीटर पाहिला. एकूण वापरासोबत ग्राहकाची सर्वात जास्त मागणी किती होती, तेही त्यात कळायचं. त्यावरून त्याने दोन भागांचं बिल सुरू केलं. आपल्या महावितरणच्या बिलातही स्थिर आकार आणि वीज आकार वेगवेगळे असतात, ते याच विचारातून.

१९०३ मध्ये त्याने शिकागोच्या फिस्क स्ट्रीट केंद्रात ५,००० किलोवॅटचं स्टीम टर्बाइन बसवलं. एवढं मोठं टर्बाइन तोवर कुणी बसवलं नव्हतं. दर उतरत गेले, आणि जनरेटर न परवडणारा छोटा दुकानदारही वीज वापरू लागला.

क्लाउडमध्ये काय वेगळं आहे?

गणित तेच आहे. १९६१ मध्ये जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने कॉम्प्युटिंगही वीज-पाण्यासारखी सार्वजनिक सेवा होऊ शकते, ही कल्पना मांडली. २००६ मध्ये अॅमेझॉनने सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, तासाला १० सेंटपासून. एका कंपनीची गर्दी दिवसा, दुसरीची रात्री. त्यामुळे सर्व्हर रिकामा राहत नाही. तरीही क्षमता उरली, तर ती स्वस्तात विकतात. २०१६ मध्ये अॅमेझॉनचे क्लाउड सर्व्हर मुंबईतही आले. सुरुवातीलाच मोठं भांडवल घालायची गरज संपल्यामुळे दोन-चार मित्रांनाही अॅप काढता येतं. अर्थव्यवस्थेत क्लाउडने केलेला मोठा बदल हाच.

मग घात कुठे झाला?

इन्सलने एकामागून एक वीज कंपन्या घेतल्या. कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी एक कंपनी, असा मनोरा उभा राहिला, तोही कर्जावर. त्याने आपल्या ग्राहकांना आणि कामगारांनाही शेअर विकले. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि १९३२ मध्ये हा मनोराही पडला. लाखो साध्या माणसांची आयुष्यभराची बचत बुडाली. इन्सल युरोपात पळाला. १९३४ मध्ये त्याला तुर्कस्तानात पकडून परत आणलं. शिकागोच्या कोर्टात तो निर्दोष सुटला, पण गेलेलं नाव परत आलं नाही. १९३५ मध्ये अमेरिकेने अशा मनोऱ्यांना आवर घालणारा कायदा केला. १६ जुलै १९३८ रोजी पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

एक गोष्ट लक्षात घ्या. मनोरा पडला, पण शिकागोचे दिवे चालूच राहिले. त्याने वाढवलेली कंपनी, कॉमनवेल्थ एडिसन, आजही त्या शहराला वीज पुरवते. म्हणजे गणित बरोबर होतं. चूक होती ती एकाच माणसाच्या हाती सगळं जाण्यात आणि त्यावर कुणाचं लक्ष नसण्यात.

आज जगातला मोठा क्लाउड तीन-चार कंपन्यांकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला, तेव्हा स्नॅपचॅटसारखी अॅप्स जगभर अडकली. क्लाउड स्वस्त आहे, सोयीचा आहे, जरूर वापरा. पण महत्त्वाच्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक कॉपी स्वतःकडेही ठेवा!