रंग ओळखता येईनात, मग लक्ष्मणरावांनी ब्रांच बदलली

कॅप राउंडची यादी लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच प्रकार दिसतात. काहींच्या स्टेटसला पेढे, तर काहींचा डीपी एकदम काळा. हवी ती ब्रांच मिळाली नाही, आता फ्रीझ करायचं की बेटरमेंटसाठी थांबायचं, यावर घराघरात रात्री बारापर्यंत बैठका चालतात. तुमच्याही घरी चालू असेल, तर पाच मिनिटं बाजूला व्हा आणि 1885 साली शिकायला मुंबईत आलेल्या सोळा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट वाचा. त्याचं आडनाव तुम्ही पंपावर आणि जनरेटरवर शंभरदा वाचलंय. किर्लोस्कर.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदांताचे अभ्यासक, त्यामुळे मुलानेही पोथ्यांच्या वाटेने जावं अशी घरची अपेक्षा. मुलाचं लक्ष मात्र दोनच गोष्टींत: चित्रं आणि यंत्रं. शाळेच्या पुस्तकांत फारसं मन नव्हतं. तुमच्या वर्गातही असा एक जण असतोच, कदाचित तो तुम्हीच असाल. लक्ष्मणरावांचं नशीब एवढंच की मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनीच धाकट्या भावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचं प्रोत्साहन दिलं. त्या काळात चित्रकला शिकायला मुंबईला जाणं घरच्यांना किती पटलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. आजही फाइन आर्ट म्हटलं की मामा-काकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधत्व. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसत नाहीत, म्हणजे कोर्सच संपला. इथे मेहनत वाढवून काही होणार नव्हतं. जास्त तास बसलं, क्लास लावला, रिपीट केलं, तरी डोळे बदलत नाहीत.

पुढे त्यांनी काय केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते सामान बांधून गावी गेले नाहीत आणि दोन वर्षं फुकट गेली म्हणून रडतही बसले नाहीत. रंग गेला तरी रेषा हातात होती. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग शिकून घेतलं. त्यात यंत्राचा भाग समोरून, बाजूने, वरून कसा दिसतो ते मोजमापासह अचूक काढायचं असतं. त्याला हात स्थिर लागतो, नजर काटेकोर लागते, रंग लागत नाहीत. लहानपणच्या दोन्ही आवडी एकाच कागदावर आल्या. आजच्या भाषेत, त्यांनी कॉलेज सोडलं नाही, ब्रांच बदलली.

याच ड्रॉइंगच्या जोरावर त्यांना तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. होय, आपलं व्हीजेटीआय. जिथे प्रवेश मिळावा म्हणून आज मुलं देव पाण्यात ठेवतात, तिथे हे इंजिनिअरिंगची डिग्री नसताना शिकवत होते. शिकवून झालं की संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळायची, समजून घ्यायची. पगार शिकवण्याचा आणि शिक्षण फुकट, असा सौदा.

एक गोष्ट इथेच सांगते. रील्सवर कॉलेज सोडून करोडपती झालेल्यांच्या गोष्टी फिरतात ना, त्यात लक्ष्मणरावांना बसवू नका. त्यांनी नोकरी हातात ठेवून धंदा सुरू केला. ते मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे, तिथे रामूअण्णा त्या विकायचे. आजचा किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात 1888 च्या याच दुकानापासून मोजतो. साइड बिझनेस हा शब्द यायच्या कितीतरी आधीचा साइड बिझनेस.

नोकरी सुटली ती बढतीमुळे, म्हणजे न मिळालेल्या बढतीमुळे. त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला गेले आणि भावाबरोबर कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले.

नांगर चांगला होता, पण घेणारं कुणी नव्हतं. लोखंडाने जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. तुमच्या पहिल्या इंटर्नशिपच्या अर्जाला दोन महिने उत्तर आलं नाही तर कसं वाटतं, ते आठवा. (माझ्याकडे अशा अर्जांचं वेगळं फोल्डर आहे.) पुढे हळूहळू नांगर खपायला लागला, तर शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागाच सोडायला लावली.

तेव्हा मदतीला आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. गंमत बघा, ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची 32 एकर जागा मिळाली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. जागा म्हणजे नुसता माळ, निवडुंग आणि साप. लक्ष्मणरावांनी तिथे माणसं जमवली तीही अशीच, जगाने बाजूला ठेवलेली. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजले. तुरुंगात जाऊन आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. मार्कशीट बघून माणूस निवडायची पद्धत तिथे नव्हती.

मग शिक्षण बिनकामाचं का? लक्ष्मणरावांना तसं अजिबात वाटत नव्हतं. मुलगा शंतनुराव मोठा झाला तेव्हा त्यांनी त्याला थेट अमेरिकेला, एमआयटीला पाठवलं. तिथून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो 1926 मध्ये परत आला आणि पुढे कारखान्याला डिझेल इंजिनांपर्यंत घेऊन गेला. डिग्रीशिवाय इतकं उभं केलेल्या माणसाने मुलाच्या डिग्रीवर पैसे खर्च केले, हे विसरू नका.

आता तुमच्या फॉर्मबद्दल. ऑप्शन भरण्याआधी माहितीपुस्तिकेतली पात्रता आणि वैद्यकीय अटी पूर्ण वाचा. पायलट, मर्चंट नेव्ही, रेल्वेचा लोको पायलट, या सगळ्यांना रंगदृष्टीची चाचणी असते. ती कोचिंगची फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं स्वस्त पडतं. बारावीत पर्सेंटाइल कमी आला असेल तर डिप्लोमाचा विचार करा, तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आणि कोर्स बदलायची वेळ आलीच, तर आधीच्या वर्षांतलं काय बरोबर नेता येईल, याची यादी आधी करा.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. पुण्याहून मिरजेकडे जाताना कुंडल रोड नावाचं स्टेशन आता लागत नाही. तिथल्या पिवळ्या पाटीवर किर्लोस्करवाडी लिहिलेलं असतं.