मॅट्रिक न झालेल्या अण्णांनी उघडलेलं कॉलेज

सातारा / सांगली : बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. कॉलेजात जाऊन काय दिवे लागणार, कर्मवीर अण्णा तरी कुठं मॅट्रिक झाले होते? गोष्ट खरी आहे. पण मेसेज पाठवणारा पुढची निम्मी गोष्ट सोडून देतो.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, आजोळी कुंभोजला. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून. आज तलाठी-सर्कलच्या पोरांची होते तशीच बदल्यांपायी शाळेची ओढाताण झाली. शेवटी कोल्हापूरला राजाराम हायस्कूलात घातलं आणि राहायला जैन बोर्डिंग. अभ्यासात डोकं कमी, तालमीत जास्त. इंग्रजी सहावीच्या पुढं गाडी सरकेना. शाहू महाराजांनी शब्द टाकला, तरी गणिताच्या मास्तरांनी वर चढवायला नकार दिला. पोरगा बसतो तो बाक एकवेळ वरच्या वर्गात जाईल, पण पोरगा जायचा नाही, असं मास्तरांनी सांगितल्याचं जुनी माणसं हसत सांगतात.

त्याच काळात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत येऊन आंघोळ न करताच जेवायला बसणार म्हणाले. बोर्डिंगचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे पाहायचे. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगमधून काढलं.

हे लठ्ठे एम.ए., एलएल.बी., मोठे शिकलेले. पुढं १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. लठ्ठ्यांना त्यात अडकवायचं होतं आणि खोट्या साक्षीसाठी भाऊरावांना धरलं. कोठडीत छळ झाला. त्रासाला कंटाळून त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. ज्यानं बोर्डिंगातून हाकललं त्याच्याविरुद्ध साक्ष देणं किती सोपं होतं! पण खोटं बोलले नाहीत.

शाळा सुटली, पोट कशावर भरायचं? साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. मग ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. लोखंडी फाळानं जमिनीत विष कालवतं, असं त्या वेळी शेतकरी समजत. त्यांना बांधावर उभं राहून पटवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. आणि हा नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडं तरी इंजिनिअरची पदवी कुठं होती? ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते, तीही रंग ओळखता न आल्यामुळं सुटली.

म्हणजे मेसेजवाल्याला हवी तशी उदाहरणं एकाला दोन मिळाली. पण नांगर विकता विकता भाऊरावांनी जे पाहिलं ते वेगळंच होतं. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवत होता. हुशार पोरं गुरामागं होती. अस्पृश्याचं पोर शाळेच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हतं. आपल्याला शाळेत बसायला मिळालं, आपण शिकलो नाही. यांना बसायलाच मिळत नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांना फार लवकर कळलं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था उभी राहिली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र रांधणार, एका पंगतीला जेवणार, असा नियम. त्या काळात हा नियम पाळणं म्हणजे घरादाराशी वैर. १९२७ साली महात्मा गांधी बोर्डिंगला येऊन गेले. तेव्हाही कोठीत धान्याची चणचण असायचीच. लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले आणि एकदा तर पोरांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही मोडलं. संस्थेचा इतिहास सांगताना पुष्कळांच्या तोंडी फक्त अण्णांचं नाव येतं, हे बरोबर नाही. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या, त्यांना पुढचं काहीच बघायला मिळालं नाही.

खेड्यात शाळा काढायच्या तर मास्तर पाहिजेत. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. मग जिथं सरकारी शाळा नाही तिथं व्हॉलंटरी शाळा निघाल्या, कुठं देवळात, कुठं चावडीत. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. फी परवडत नसेल तर शेतात राबा, दगड फोडा, खडी वाहा आणि शिका. कमवा आणि शिका योजना ती हीच. १९४८ साली मुंबई सरकारनं अनुदान थांबवलं तेव्हा लोकवर्गणीवर दिवस काढले. अण्णा स्वतः अनवाणी, खादीचं धोतर, वाढलेली दाढी, हातात काठी. १९५४ मध्ये कराडलाही कॉलेज झालं आणि त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं. गाडगे महाराजही शाळेत न गेलेलेच.

पोरांच्या बाबतीत मात्र अण्णांनी कधी पदवीशिवाय भागवून घ्यायला सांगितलं नाही. त्यांच्याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. अशी किती नावं सांगावीत? साताऱ्यात आणि सांगलीत ज्याच्या घरात पहिला मास्तर, पहिला ग्रॅज्युएट झाला, त्याला विचारा तो कुठल्या शाळेत शिकला. दहातल्या निम्म्या घरांत रयतचं नाव निघेल.

१९५९ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. गणितात अडकलेल्या त्या पोराच्या नावापुढं पहिली पदवी लागली ती अशी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तब्येत पार ढासळलेली असताना. ९ मे १९५९ रोजी पुण्यात अण्णा गेले.

आज साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. अण्णांनी काढलेलं शिवाजी कॉलेज आता त्याच विद्यापीठात आहे आणि तिथल्या पोरांच्या पदवीच्या कागदावर अण्णांचं नाव छापलेलं असतं.