क्ष-किरणांचा सारथी

बीजगणितात ज्या राशीची किंमत ठाऊक नसते, तिला आपण ‘क्ष’ म्हणतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटजेन या शास्त्रज्ञाला जे अदृश्य किरण सापडले, त्यांचे स्वरूप त्यालाही अज्ञात होते. म्हणून त्याने त्यांना अज्ञात राशीचेच नाव दिले. मराठीत ते क्ष-किरण झाले. मांसातून आरपार जाऊन हाडांची छाया काचेवर उमटविणाऱ्या या किरणांमुळे वैद्यांना जणू दिव्यदृष्टीच लाभली.

परंतु ही शक्ती बेलगाम होती. त्या काळच्या काचेच्या नळीत थोडासा वायू शिल्लक ठेवीत. नळीत उच्च दाबाची वीज सोडली की त्या वायूचे भारित कण ऋणाग्रावर आदळत, तेथून इलेक्ट्रॉन सुटत आणि ते समोरच्या धातूवर वेगाने आपटले म्हणजे क्ष-किरण निघत. गोची अशी की हा वायू वापरागणिक कमी होई आणि नळी तापली की पुन्हा वाढे. त्यामुळे सकाळी हाडांचे उत्तम चित्र देणारी नळी दुपारी निरुपयोगी ठरे. आज किरण किती जोराचे आहेत हे पाहण्यासाठी डॉक्टर व त्यांचे साहाय्यक आपला स्वतःचाच हात नळीसमोर धरीत. त्याची किंमत अनेकांनी मोजली. एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली या साहाय्यकाच्या हातांना असाध्य जखमा झाल्या. शस्त्रक्रियांचाही उपयोग झाला नाही आणि १९०४ साली त्याचा अंत झाला. एडिसनने पुढे या किरणांचे काम सोडूनच दिले.

या उधळलेल्या अश्वाला लगाम घालण्याचे श्रेय विल्यम डेव्हिड कूलिज यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, हडसन या लहानशा गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच. वडील जोडे बनविण्याच्या धंद्यात होते आणि त्याला जोड म्हणून सात एकरांची शेती करीत. आई कपडे शिवून प्रपंचाला हातभार लावी. विल्यमचे प्रारंभीचे शिक्षण एका खोलीच्या, एकशिक्षकी शाळेत झाले. (एकशिक्षकी शाळेला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!) मध्यंतरी त्याने शाळा सोडून रबराच्या कारखान्यात नोकरीही धरली, पण काही महिन्यांतच तो पुन्हा वर्गात परतला. पुढे शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे बोस्टनच्या प्रख्यात तंत्रशिक्षण संस्थेत त्याला प्रवेश घेता आला. तेथून तो जर्मनीत लाइपझिग येथे गेला आणि १८९९ साली डॉक्टरेट संपादन करून परतला.

१९०५ साली कूलिज जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांच्यापुढे आलेला प्रश्न क्ष-किरणांचा नव्हता, साध्या विजेच्या दिव्याचा होता. दिव्याच्या तारेसाठी टंगस्टन हा धातू सर्वांत योग्य. कारण तो सुमारे ३४०० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही. पण तो इतका ठिसूळ, की वाकवू गेल्यास काडीसारखा मोडे. केसाहून बारीक तार त्यातून ओढावी कशी? कूलिज यांनी सुया आणि तारा तयार करणारे कारखाने स्वतः जाऊन पाहिले. तेथे सळई फिरती ठेवून तिच्यावर चोहोबाजूंनी भराभर हातोड्या मारण्याची रीत होती. तीच त्यांनी तापलेल्या टंगस्टनवर योजिली. सळई बारीक होत जाई तसतसे ते तिचे तापमान उतरवीत नेत, आणि मग हिऱ्याच्या छिद्रातून तार ओढीत. इतर धातू गार स्थितीत ठोकले की कडक व ठिसूळ होतात. टंगस्टन मात्र अशा घडाईने लवचीक होत गेला. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९१० च्या सुमारास हे काम तडीस गेले. या शोधावरील त्यांच्या कंपनीचे स्वामित्व न्यायालयाने १९२८ मध्ये रद्द ठरविले. लवचीकपणा हा धातूचा अंगभूत गुण आहे, तो कोणी निर्माण केलेला नाही, असा न्यायालयाचा विचार होता. ज्याने तो गुण बाहेर काढण्यासाठी वर्षे वेचली, त्याच्या दृष्टीने हा निर्णय कठोरच म्हटला पाहिजे.

हाच धातू क्ष-किरणांच्या कामी आला. इलेक्ट्रॉन ज्या लक्ष्यावर आपटतात, तेथे त्यांच्या ऊर्जेचा एक टक्काही भाग क्ष-किरणांत उतरत नाही. बाकी सारी उष्णता होते. त्या आचेत प्लॅटिनमही वितळे. कूलिज यांनी प्लॅटिनमच्या जागी टंगस्टन बसविले. मग त्यांचे सहकारी लँगम्युर यांच्या प्रयोगांतून दिसून आले, की तापलेली तार अगदी निर्वात नळीतही इलेक्ट्रॉन सोडीत राहते. कूलिज यांनी तत्काळ याचा उपयोग केला. १९१३ मध्ये त्यांनी नळीतील वायू जवळजवळ पूर्णपणे काढून टाकला आणि ऋणाग्राच्या जागी टंगस्टनच्या तारेचे वेटोळे बसवून ते स्वतंत्र विद्युत्प्रवाहाने तापविले. आता तार जितकी अधिक तापवावी, तितके इलेक्ट्रॉन अधिक, म्हणजे किरणांचे प्रमाण अधिक. नळीच्या दोन टोकांमधील वीजदाब जितका वाढवावा, तितका इलेक्ट्रॉनांचा वेग अधिक, म्हणजे किरणांची भेदकता अधिक. पूर्वी या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. आता त्या सुट्या झाल्या. नीरा डाव्या कालव्याच्या काठी वाढलेल्या माळेगावच्या मुलांना हे समजणे कठीण नाही. कालव्याचे दार किती उघडले यावर पाणी किती येणार ते ठरते, आणि ते किती उंचीवरून पडते यावर त्याचा जोर ठरतो. वायूच्या नळीत दार आणि उंची दोन्ही आपोआप बदलत असत.

न्यूयॉर्कचे डॉक्टर लुई ग्रेगरी कोल यांनी ही नळी प्रथम रुग्णांसाठी वापरली. काल घेतलेले चित्र आज पुन्हा जसेच्या तसे घेता येऊ लागले आणि किरण अजमावण्यासाठी स्वतःचा हात पुढे करण्याची गरज उरली नाही. पहिल्या महायुद्धात कूलिज यांनी सैन्यासाठी सहज हलविता येणारी यंत्रणा सिद्ध केली. जखमी सैनिकाच्या देहात गोळी नेमकी कोठे रुतली आहे, हे रणभूमीजवळच्या रुग्णालयातच पाहता येऊ लागले.

पुढे लक्ष्य गरगर फिरते ठेवण्याची युक्ती निघाली आणि नळीभोवती शिशाचे कवच आले. पण मूळ रचना कायम राहिली. आज ऊसतोडणीच्या हंगामात एखाद्या मजुराचे मनगट मोडले व त्याला बारामतीच्या दवाखान्यात नेले, तर तेथील तंत्रज्ञ आडोशामागे उभा राहून हेच दोन आकडे ठरवितो. हातासाठी सुमारे ५० किलोव्होल्ट दाब पुरतो, पोटासाठी ७० ते ८० लागतो.

कूलिज १९३२ मध्ये आपल्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. छायाचित्रणाचा त्यांना मनापासून छंद होता व तो त्यांनी निवृत्तीनंतरही जोपासला. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी स्केनेक्टडी येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय १०१ वर्षांचे होते.