कुमारजींचा श्वास

निसरपुरहून निघून इंदूर ओलांडलं की देवास येतं. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळे आम्हा इकडच्या जुन्या मराठी घरांना देवास कधी परकं वाटलं नाही. याच गावात पंडित कुमार गंधर्वांनी आपला आवाज गमावून पुन्हा मिळवला.

त्यांचं मूळ नाव शिवपुत्र कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हा मुलगा हुबेहूब गाई. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम झाली, नाव झालं. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये दोघं देवासला आली. डॉक्टरांनी गाणं बंद केलं.

गाणं छातीतल्या हवेवर चालतं. ती हवा गळ्यातल्या स्वरतंतूंना थरथरवते, तोंडाच्या पोकळीत तो नाद घुमतो. तंतू ताणले की स्वर चढतो. पण स्वर किती मोठा आणि किती वेळ टिकेल, हे श्वासावर ठरतं. कुमारजींचं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. स्वर कुठे लावायचा हे ठाऊक होतं, तो धरून ठेवायला हवा पुरेशी नव्हती.

अंथरुणावरच्या त्या वर्षांत ते ऐकत राहिले. बायकांची लग्नातली, सणावाराची माळवी गाणी आणि नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं त्यांच्या कानांवर पडत होती. शिक्षिकेची नोकरी करून भानुताईंनी घर सांभाळलं. स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध लागू पडलं आणि १९५३ मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत बसले.

आता त्यांची गायकी निराळी होती. लांब श्वासाच्या जागी छोट्या, नेमक्या स्वराकृती आल्या. मधल्या शांततेत तानपुरे बोलत. म्हणूनच ते तानपुरे लावायला भरपूर वेळ घेत. तारेखाली घोडीवर ठेवलेला जव्हारीचा दोरा केसभर सरकला तरी एका तारेतून उमटणाऱ्या अनेक सूक्ष्म स्वरांचा समतोल बदलतो. हवा दमट असली तर लावलेली तारही सुरातून हलते. माळव्याच्या लोकधुनांतून मालवती, लगनगंधार, संजारी असे राग त्यांनी घडवले. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला.

१९६१ मध्ये भानुताई गेल्या. पुढे वसुंधराताईंनी संसाराला आणि गाण्याला साथ दिली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच कुमारजींनी देह ठेवला.

मुंबई-पुण्याच्या रसिकांना त्यांचं गाणं आपलं वाटतं, ते रास्तच आहे. पण त्या गाण्यातला दुसरा जन्म माळव्याच्या हवेतला आहे. यंदा आरतीनंतर मांडवातला कर्णा थोडा वेळ बंद ठेवून त्यांचं एखादं निर्गुणी भजन हळू आवाजात लावावं, असं आम्हाला वाटतं. दोन स्वरांमधली त्यांची शांतता तेव्हाच नीट ऐकू येईल.