बागा रचणारी बीट्रिक्स

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा तरी कर्तृत्ववान स्त्रीची ओळख करून देण्याची प्रथा आहे. राण्या झाल्या, समाजसेविका झाल्या, लेखिका आणि डॉक्टर झाल्या. यंदा मी एका बाग करणाऱ्या बाईंविषयी लिहिणार आहे. बाग करणारी म्हणजे हौसेने गॅलरीत चार कुंड्या मांडणारी नव्हे. जमिनीची मोजणी, चढउतारांचे नकाशे, मातीचे भराव, पाण्याचा निचरा, गवंडी आणि मजूर या साऱ्यांच्या मध्ये उभे राहून, रीतसर मेहनताना घेऊन, सुमारे पन्नास वर्षे ज्यांनी हा व्यवसाय केला, त्या अमेरिकेतील बीट्रिक्स फॅरंड यांची ही हकीकत आहे. या व्यवसायाला आज लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात.

बीट्रिक्सचा जन्म 19 जून 1872 रोजी न्यूयॉर्कच्या एका जुन्या, सुखवस्तू घराण्यात झाला. प्रसिद्ध कादंबरीकार ईडिथ व्हॉर्टन या तिच्या सख्ख्या आत्या. आईवडिलांचे पटले नाही, ते विभक्त झाले आणि मुलगी आईपाशी वाढली. उन्हाळ्यात मायलेकी मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटावर बार हार्बर या गावी जात. तेथे समुद्रकाठी त्यांचे ‘रीफ पॉइंट’ नावाचे घर होते. त्या घराभोवतीची जमीन हीच बीट्रिक्सची पहिली पाटी. हे घर लक्षात ठेवावे, कारण त्याची गोष्ट शेवटी निराळ्याच वळणाने येणार आहे.

बीट्रिक्स विशीत आली तेव्हा हा विषय शिकवणारे एकही विद्यालय अमेरिकेत नव्हते. बोस्टनजवळच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाचे प्रमुख चार्ल्स सार्जंट यांनी तिला हाताशी धरले. त्यांच्याकडे राहून ती झाडे ओळखायला शिकली. जमीन मोजणे आणि आराखडे काढणे निराळ्या शिक्षकांकडून शिकली. आराखडा जमिनीला शोभेल असा करावा, आराखड्यापायी जमीन पिळून काढू नये, ही सार्जंट यांची शिकवण तिने जन्मभर पाळली. ऐकायला हे सोपे वाटते. पण हाती पैसेवाला यजमान आणि पुढ्यात उताराची जमीन असली, की सारे सपाट करून टाकण्याचा मोह किती अनावर होत असेल!

1895 साली ती युरोपातील बागा पाहून आली. इंग्लंडात गर्ट्रूड जीकिल या थोर उद्यानकर्त्या बाईंची बाग तिने पाहिली. परत आल्यावर न्यूयॉर्कला आईच्याच घरात तिने आपली कचेरी थाटली. आरंभीची कामे दिमाखाची नव्हती. झाडी विरळ करणे, दलदलीचे पाणी काढून देणे अशीच ती होती. मात्र चारच वर्षांत, 1899 साली, या व्यवसायाची अमेरिकन संस्था स्थापन झाली तेव्हा अकरा संस्थापकांत ती एकटी स्त्री होती. वय अवघे सव्वीस. गंमत अशी, की संस्थेने स्वीकारलेली भारदस्त पदवी हिने मात्र कधी लावली नाही. आपल्याला लँडस्केप गार्डनर म्हणवून घेणेच तिला रुचत असे. मला यात विनयापेक्षा अभिमानच अधिक दिसतो.

या कामाचे रोजचे रूप कसे असते, हे प्रिन्स्टन विद्यापीठात चांगले दिसते. 1912 पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी तेथील आवार सांभाळले. पुढे येल विद्यापीठाचेही काम त्यांच्याकडे आले. दगडी इमारती, अरुंद वाटा आणि घाईने जाणारी मुले, अशा जागी झाड लावायचे कुठे? फॅरंडबाईंनी झाडे भिंतींवर चढवली. वेलीच काय, फुलझाडेही फांद्या बांधून भिंतीशी सपाट वाढवली. त्यामुळे वाट मोकळी राहिली आणि दगडाला पालवी फुटली. चौकाच्या मधोमध त्यांनी हिरवळीखेरीज काही ठेवले नाही. उन्हाळ्यात मुले सुटीवर जातात, म्हणून उन्हाळी फुलांवर खर्च नको. वसंतात बहरणारी आणि पानगळीच्या दिवसांत रंग धरणारी झाडेच हवीत, असा त्यांचा हिशेब होता. बाजारातून मोठी झाडे विकत आणणे महाग पडते, म्हणून विद्यापीठाचीच रोपवाटिका त्यांनी चालू केली. शिवाय वरचेवर स्वतः येऊन, जाड लोकरी पोशाखात आवारभर हिंडून, कोणती फांदी ठेवायची आणि कोणती छाटायची हे माळ्यांना दाखवायचे. मुलांनी त्यांचे नाव झुडुपवाल्या बाई असे पाडले होते. ज्या गृहिणीने माजघराच्या एका कोनाड्यात अख्खा संसार मांडला आहे, तिला हे शहाणपण समजावून सांगायला नको.

1913 साली, एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी इतिहासकार मॅक्स फॅरंड यांच्याशी विवाह केला. व्यवसाय सोडला नाही. 1927 मध्ये पतींना कॅलिफोर्नियात हंटिंग्टन ग्रंथालयाचे संचालकपद मिळाले आणि बाईंचा संसार एका समुद्रकाठी, तर कामे दुसऱ्या समुद्रकाठी अशी स्थिती झाली. आगगाडीने अख्खे खंड ओलांडून त्या ये-जा करीत राहिल्या. न्यूयॉर्कची कचेरी त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियाच सांभाळत. कॅलिफोर्नियात मात्र त्यांना फारशी कामे मिळाली नाहीत. नाव झाले तरी नव्या गावी दार उघडतेच असे नाही.

त्यांची सर्वांत नावाजलेली बाग वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स. 1920 साली मिल्ड्रेड आणि रॉबर्ट ब्लिस या दांपत्याने तेथे त्रेपन्न एकर जागा घेतली आणि पुढच्याच वर्षी फॅरंडबाईंना बोलावले. जागा टेकडीवरून ओढ्यापर्यंत उतरत जाणारी. घराजवळ आखीवरेखीव सज्जे, खाली जाताना बाग हळूहळू सैल होत शेवटी रानात मिसळते, अशी त्यांनी रचना केली. यजमान परराष्ट्र खात्यात असल्याने वर्षानुवर्षे स्वीडन आणि अर्जेंटिना येथे राहत होते, तेव्हा बरेचसे काम पत्रांवर चाले. एखादे फाटक किंवा खांबावरचा कळस बसवायचा, तर आधी त्याचा लाकडी नमुना खऱ्या मापाने करून जागेवर उभा करायचा, त्याची छायाचित्रे पाठवायची, पसंती आली की मगच दगड घडवायला घ्यायचा. एवढी चिकाटी! मालकीणबाईही तितक्याच चोखंदळ होत्या, आणि या दोघींचा स्नेह बाईंच्या अखेरपर्यंत टिकला. चांगला यजमान लाभणे हे या धंद्यातले मोठेच बक्षीस म्हणायचे.

1940 साली ब्लिस दांपत्याने घर आणि वरची बाग हार्वर्ड विद्यापीठाला देऊन टाकली. 1944 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा पाया घालणारी वाटाघाट याच घरात झाली. पण बाईंना काळजी निराळीच होती. घरधन्याची बाग संस्थेची झाली, तिच्याकडे मायेने पाहणार कोण? म्हणून त्यांनी या बागेसाठी एक सविस्तर टिपण लिहून ठेवले. कुठले झाड कशासाठी लावले आहे, ते किती उंच होऊ द्यावे, मेले तर त्याच्या जागी काय लावावे, कोठे खर्च वाचवता येईल, असे सारे त्यात आहे. मुलीला सासरी पाठवताना आई कानात चार गोष्टी सांगते, तसे मला ते वाटते. 1980 साली ते पुस्तकरूपाने निघाले.

आता रीफ पॉइंटकडे वळू. या घराभोवती नवरा-बायकोंनी वर्षानुवर्षे झाडे जमवली, ग्रंथसंग्रह उभारला. इंग्लंडच्या त्या जीकिलबाईंचे आराखडे विकत घेऊन नष्ट होण्यापासून वाचवले. आपल्यामागे येथे बागकामाचे विद्यापीठच चालावे असे दोघांचे स्वप्न होते. 1945 साली मॅक्स वारले. 1947 च्या भयंकर वणव्यात बार हार्बरचा मोठा भाग जळाला, गावाचे उत्पन्न खालावले, बागेला करमाफी मिळेना, आणि आपल्यामागे ती नीट राखली जाईल अशी खात्री उरली नाही. फॅरंडबाई तेव्हा ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. दुसरे कोणी असते तर डोळे मिटून घेतले असते. त्यांनी 1955 साली स्वतःच निर्णय घेतला: बाग मोडायची. ग्रंथ, कागद आणि जीकिलबाईंचे आराखडे कॅलिफोर्निया विद्यापीठाला बर्कलेस दिले. घर पाडले.

हे वाचताना मी थबकले. आपल्या हाताने लावलेले झाड वाळताना पाहणेही जिवावर येते. येथे तर एका बाईने सगळी बागच उपटायला दिली. निष्ठुरपणा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. पोरकी बाग रानात जाते किंवा कुरूप होते, हे पन्नास वर्षे पाहिलेल्या बाईचा तो निर्णय होता.

झाडे मात्र वाया गेली नाहीत. चार्ल्स सॅव्हेज या स्थानिक गृहस्थांनी, जॉन रॉकफेलर यांच्या आर्थिक साहाय्याने, ती मुळांसह उचलून त्याच बेटावर जवळच नॉर्थईस्ट हार्बर येथे नेली. त्यांतूनच असटिकू येथील ॲझेलियांची बाग उभी राहिली. बाई स्वतः जवळच्या गार्लंड फार्मवर, आपल्या बागेची देखभाल करणाऱ्या कुटुंबाच्या घरी राहायला गेल्या. मूळ घराला त्यांनी आपल्यासाठी एक भाग जोडून घेतला, त्यात मोडलेल्या रीफ पॉइंटचे सामान वापरले, आणि खिडक्यांसमोर, जेथे बसून दिसेल अशा बेताने, एक लहानशी बाग केली. 28 फेब्रुवारी 1959 रोजी, बेटावर थंडी असतानाच, त्या निवर्तल्या. 2004 साली त्यांच्या नावाच्या संस्थेने ते घर घेतले आणि खिडक्यांसमोरचे वाफे पुन्हा लावायला काढले.