विद्यार्थी भीमराव : अभ्यासाची सवय कशी लागली



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की मंडळाची पोरं स्मरणिकेसाठी लेख मागायला येतात. आम्ही गिरणी कामगार. शाळा आठवीत सुटली, पुढे जे वाचले ते पाळी सुटल्यावर. तेव्हा भाषेत काही चूकभूल झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावी.

यंदा बाबासाहेबांच्या शाळकरी वयावर लिहायचे ठरविले, त्याला कारण घडले. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम हल्ली सगळीकडे होतो. पोरं बसतात, फोटो निघतात, चांगलेच आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकाला आम्ही विचारले, आज किती वेळ बसलास बाबा? तर म्हणाला, काका, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, त्यांचं डोकंच तसलं होतं. हे आम्हाला पटले नाही. डोके होतेच, पण बाबासाहेब काही पुस्तक हातात घेऊन जन्माला आले नव्हते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार पलटणीतून पेन्शनीत आले. मग दापोली, तिथून सातारा. साताऱ्यात आई भीमाबाई वारल्या आणि लेकरांचे सगळे आत्या मीराबाई करू लागल्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. घरून तरटाचा तुकडा न्यायचा, वर्गात वेगळे बसायचे, तहान लागली तर शिपाई पाणी घालील तेव्हा प्यायचे, हे आपल्या सर्वांना पाठ आहे.

पण त्या वयातल्या भिवाला अभ्यासाची गोडी नव्हती, हे फार कोणी सांगत नाही. त्याला झाडे लावण्याचा नाद लागला होता. हाती दमडी आली की रोपे घ्यायची, आणि पुस्तके पडली बाजूला. तो नाद सुटला तर गुरे-शेळ्या राखण्याचा लागला. एकदा तर सातारच्या ठेसनावर हमालीही करून पाहिली. त्यातच वडिलांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून पोराचे मन बापावरून उडाले. आता आपली भाकरी आपणच मिळवायची, असे त्याने ठरविले. कशी? तर सातारची पोरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे त्याच्या कानावर होते. आपणही गिरणीत जायचे!

गाडीभाड्याला पैसे नव्हते. आत्याच्या कमरेला पैशाचा बटवा असे आणि भिवा तिच्याच शेजारी झोपे. तीन रात्री त्याने प्रयत्न केला, जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती लागला. उघडून पाहतो तर आत अर्धा आणा.

अर्ध्या आण्यात मुंबई काही गाठता येईना. आणि ज्या आत्याने आईची माया दिली तिच्याच बटव्यात आपण हात घातला, याची लाजही वाटली असेल. मग भिवाने चोरीचा नाद सोडला आणि दुसरा हिशेब केला. खूप अभ्यास करायचा, लवकर लवकर परीक्षा पास व्हायच्या, म्हणजे आपल्या पायावर उभे राहता येईल. ही हकीकत पुढे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलेली आहे, म्हणून आम्ही ती बेधडक लिहितो.

ही हकीकत वाचताना आमचा घसा दर वेळी दाटतो. कारण आमच्या आजीच्या बटव्यात भाड्यापुरते पैसे निघाले होते. आम्ही पिंगळीच्या ठेसनावर गाडीत बसलो ते गिरणीच्या दारातच उतरलो.

1904 साली सुभेदारांनी बिऱ्हाड मुंबईला हलविले. परळ हा गिरण्यांचा भाग. तिथल्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच सामान, सरपण, माणसे, आणि एक शेळीसुद्धा. सगळे झोपले की पाय ठेवायला जागा नाही. अशा ठिकाणी अभ्यास कुठे करायचा?

सुभेदारांनी जी तोड काढली ती कोणाही पाळीवाल्या कामगाराला लगेच उमगेल. संध्याकाळी भीमरावाला लवकर झोपवायचे. आपण स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे. दोन वाजले की पोराला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. एकच अंथरूण, दोन पाळ्या. उशाशी जाते, पायाशी शेळी आणि बिनकाचेचा मिणमिणता दिवा, अशा थाटात भीमराव उजाडेपर्यंत वाचीत बसे. हे एक दिवसाचे किंवा जयंतीपुरते नव्हे. आणि यात अर्धा अभ्यास सुभेदारांचा आहे असे आमचे मत आहे. पोरगा उठण्यासाठी आधी बाप जागा राहिला.

भाषेची घोकंपट्टीही सुभेदारांनीच करून घेतली. तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके, हॉवर्डचे इंग्रजी पुस्तक पाठ करवून घेतले. शाळेच्या पुस्तकांपलीकडचे वाचन त्यांना पसंत नव्हते, कुरकुर करीत. पण पोराने मागितलेले पुस्तक आणल्याशिवाय राहत नसत. पेन्शन महिना पन्नास रुपये. कमी पडले की लेकींकडे जायचे. मंजुळा नाहीतर तुळसा, जिच्याकडे असेल तिचा डाग घेऊन गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा. थोरले बंधू आनंदराव यांनी तर शाळा सोडून नोकरी धरली. एका पोराच्या पुस्तकामागे एवढे घर राबले.

पुढे भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. फळ्यामागे पोरांचे डबे ठेवलेले असत. एकदा मास्तरांनी गणितासाठी भीमरावांना फळ्याकडे बोलावले, तर विटाळ होईल म्हणून सगळी पोरं डबे उचलायला धावली. संस्कृत शिकायची इच्छा होती, ती पुरी होऊ दिली नाही, फारशी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले.

शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर रोज वाचणाऱ्या या मुलावर गेली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. मार्क किती? 750 पैकी 282. पालकांनी हा आकडा नीट वाचावा. टक्के काढले तर अडतीसही भरत नाहीत. आज एवढे मार्क आणणाऱ्या पोराला आपण दुसऱ्या दिवशी कामाला जुंपतो.

मॅट्रिक झाल्याबद्दल वस्तीत सभा झाली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचाच हात होता. बी. ए. झाल्यावर 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे गंमत अशी की पहिले काही महिने खेळण्या-फिरण्यात गेले. दोन वाजता उठवायला आता सुभेदार नव्हते. मग एका रात्री त्यांनी स्वतःलाच जाब विचारला, आणि जुनी सवय पुन्हा धरली. त्यानंतरचे तास मोजायला सुभेदारांची गरज राहिली नाही. 1915 साली ते एम. ए. झाले.

आता थोडे आपल्या पिंगळीचे. आपल्या वस्तीत एका खोलीची घरे अजून आहेत, त्यात टीव्ही आणि मोबाईलची भर पडली आहे. विहाराची किल्ली सध्या आमच्याकडे असते. पहिल्या पाळीला निघण्याआधी, पहाटे साडेचारला, आम्ही दार उघडून लाईट लावतो. सध्या चार पोरं आणि दोन पोरी येतात. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी यावे. आईबापांनी दारापर्यंत सोडायला यावे. येताना पुस्तक आणावे, सतरंजी विहारात आहे.